हलालखोर: कचरा उचलणाऱ्या हातांचा इतिहास

गावाचं नाव सांगितलं की शहरातले मित्र हमखास हसतात. "वरवट बकाल? नावातच बकाल! मग गाव कसं असेल?" पूर्वी मला राग यायचा. आता मी त्यांना शब्दाचा धडा देतो. मास्तरकीची सवय, दुसरं काय!

अरबीत 'बक्ल' म्हणजे भाजीपाला. त्यावरून 'बक्काल' म्हणजे भाजी, धान्य, किराणा विकणारा. जुन्या उर्दू लिखाणात बक्काल म्हणजे सरळ वाणी. मराठीत हा शब्द आला तेव्हाही त्याचा अर्थ दुकानदार असाच होता. पुढे तो घसरला. आधी त्यात तुच्छता शिरली, मग तो माणसावरून वस्तीवर गेला. आज वर्तमानपत्रात 'शहराला बकाल रूप' असा मथळा दिसला की डोळ्यांपुढे कचऱ्याचे ढीग उभे राहतात. दुकान मांडून पोट भरणाऱ्याच्या नावाची ही गत झाली.

पण सगळ्यात मोठी घसरण झाली ती कचरा आणि मैला उचलणाऱ्यांच्या नावांची. 'मेहतर' हा फारसी शब्द. त्याचा अर्थ 'अधिक मोठा', म्हणजे सरदार, राजपुत्र. हिंदुकुशच्या पायथ्याशी असलेल्या चित्राल संस्थानच्या राजाची पदवी मेहतर हीच होती. आपल्याकडे मात्र हा शब्द झाडू हातात असलेल्या माणसाला लावला गेला. दुसरा शब्द 'खाकरोब', म्हणजे धूळ झाडणारा. आणि तिसरा 'हलालखोर'. आईन-ए-अकबरीत नोंद आहे की झाडलोट करणाऱ्यांसाठी हे नाव अकबर बादशहानं रूढ केलं. हलालखोर म्हणजे हलालचं, कष्टाचं खाणारा. कामाला मान मिळावा म्हणून दिलेलं नाव. पण माणसाला मान मिळाला नाही, तेव्हा नावाचाही गेला. आज कुणाला 'हलालखोर' म्हटलं तर ती शिवी वाटते. समतेची शिकवण अभिमानानं सांगणाऱ्या आम्हा मुसलमानांतही हलालखोर बिरादरीत सोयरीक करायला कोण पुढे येतं, हा प्रश्न मी आधी स्वतःच्या घरात विचारतो.

मला आज याच माणसांची गोष्ट सांगायची आहे. घरोघरचा कचरा वेगळा करून गोळा करण्याचे प्रयोग जगात निदान एकशेचाळीस वर्षांपासून चालू आहेत. प्रत्येक प्रयोगात डबे किती, गाड्या किती, खर्च किती याचा हिशेब आधी होतो. हे काम आधीपासून कोण करतंय, हा प्रश्न बहुतेक वेळा शेवटी येतो. जिथे तो आधी विचारला गेला तिथली व्यवस्था टिकली. हे मला थोडं इतिहास वाचून कळलं आणि थोडं स्वतः एक चूक करून.

उकंडा आणि बोहारीण

माझ्या लहानपणी घरातून 'कचरा' असा फारसा निघतच नव्हता. चुलीतली राख भांडी घासायला लागायची. भाजीची देठं, खरकटं शेळीच्या पुढ्यात जायचं. उरलेलं सगळं, शेण, पालापाचोळा, अंगण झाडलेली माती, उकंड्यावर. प्रमाण मराठीतला उकिरडा म्हणजे आमचा वऱ्हाडी उकंडा. तिथे ते वर्षभर कुजायचं आणि पावसाळ्याआधी बंडीत भरून शेतात जायचं. पऱ्हाटी जळणाला. वाचून झालेलं वर्तमानपत्र किराणा दुकानात पुड्या बांधायला.

ज्याला उकंडा पचवू शकत नव्हता त्या वस्तूंसाठी माणसं होती. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन बोहारीण यायची. जुने कपडे ती अशी काही उलटून-पालटून बघायची की जणू लग्नाचा शालू घेते आहे, आणि तासभर घासाघीस करून एक स्टीलची वाटी द्यायची. सायकलवरचा कबाडी यायचा. तुटकी स्लीपर, लोखंडाचा तुकडा, फुटकी बादली दिली की आम्हा पोरांना मूठभर मुरमुरे किंवा 'बुढ्ढी के बाल' मिळायचे. आमच्याकडे आणखी एक वर्गवारी होती. उर्दू-अरबी अक्षरं असलेला कागद दादी कधीच केरात जाऊ द्यायची नाही. त्यावर अल्लाहचं नाव असू शकतं म्हणून तो वेगळ्या पिशवीत, खुंटीवर. पिशवी भरली की तो कागद अदबीनं मातीत पुरला जायचा. कचऱ्याचं वर्गीकरण हा शब्द मी फार उशिरा ऐकला. ती रीत मात्र दादीच्या खुंटीवर लटकलेली होती.

खेड्यातलं हे शहाणपण शास्त्रानं नंतर वहीत उतरवलं. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा, पऱ्हाटी आणि शेण यांचे थर लावून खत करण्याची पद्धत बसवली. तीच जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. पुढे आपल्याच विदर्भातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विटांच्या हवेशीर टाक्याची पद्धत काढली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'नाडेप' म्हणतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असं ते टाकं अनेक गावांत आजही दिसतं. काही ठिकाणी खत निघतं, काही ठिकाणी त्यात फक्त पिशव्या अडकलेल्या असतात.

कारण दरम्यान कचराच बदलला. शांपूची एक रुपयाची पुडी आली, गुटख्याची आली, चिप्सचं पाकीट आलं. आमचा संग्रामपूर तालुका खारपाणपट्ट्यातला. जमिनीतलं पाणी खारट, म्हणून पाण्याचे जार आणि पाऊच आले. लग्नाच्या पंगतीत पत्रावळीच्या जागी थर्माकोल आलं. उकंडा तोच राहिला, पण त्याच्या पोटात आता न पचणारं गेलं. चिंधी, लोखंड, काच नेणाऱ्या कबाड्याला चिप्सच्या पाकिटाचं काय करावं ते कळेना, कारण प्लास्टिक आणि चकचकीत थर एकमेकांना चिकटवलेली ती वस्तू बाजारात कुणी विकत घेत नाही. जी वस्तू कुणीच विकत घेत नाही, ती गावाच्या वेशीवर साचते. 'बकाल' शब्दाला आजचा अर्थ मिळतो तो इथे.

मुंबईचा कर, पॅरिसचा डबा

शहरांनी हा प्रश्न फार आधी पाहिला. एकोणिसाव्या शतकात मुंबईत घरोघरी शौचकूप होते आणि त्यातला मैला टोपल्यांत भरून नेणारे हलालखोर होते. शहराला त्यांची किती गरज होती हे कायद्यातच दिसतं. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात मालमत्ता करांच्या यादीत पाणीपट्टीच्या जोडीला 'हलालखोर कर' असं नाव होतं. पुढे त्या जागी मलनिःसारण कर हे नाव आलं. मुंबईचा घरमालक हलालखोरांच्या नावानं कर भरत होता, पण त्यांच्या हातचं पाणी पीत नव्हता.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि लोक शहर सोडून पळू लागले. तेव्हा अधिकाऱ्यांना ज्या गोष्टींची सगळ्यात जास्त धास्ती होती त्यांतली एक म्हणजे हलालखोर निघून जाण्याची. ते गेले तर आठवडाभरात शहर राहण्याजोगं उरणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांना जिन्यावर पाऊल ठेवू देत नव्हते, तेच गेले तर शहर जाणार होतं. साथ ओसरली आणि हा धडाही विसरला गेला. शहरानं उत्तर शोधलं ते कचरा दूर नेण्याचं. कुर्ल्याहून चेंबूरकडे कचऱ्याच्या आगगाड्या धावल्या, १९२७ मध्ये देवनारचं कचराभूमीचं मैदान सुरू झालं. नजरेआड झालं की संपलं, असा तो हिशेब. जानेवारी २०१६ मध्ये त्याच देवनारच्या डोंगराला आग लागली आणि मुंबई दिवसेंदिवस धुरात राहिली, तेव्हा न संपलेला हिशेब पुन्हा समोर आला.

मुंबईत हलालखोर कर वसूल होत होता त्याच दशकात पॅरिसमध्ये एक वेगळाच प्रयोग झाला. तिथले प्रीफेक्ट, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हाधिकारी, यूजेन पुबेल यांनी नोव्हेंबर १८८३ मध्ये हुकूम काढला: प्रत्येक घरमालकानं झाकणाचे डबे ठेवायचे. एकात कुजणारा कचरा, दुसऱ्यात कागद आणि चिंध्या, तिसऱ्यात काच, फुटकी भांडी आणि कालवांच्या शिंपल्या. जानेवारी १८८४ पासून अंमल. आज आपण ओला-सुका म्हणतो त्याच्याही एक पाऊल पुढची ही योजना. तिच्यावर आवाज उठवला तो पॅरिसच्या हजारो चिंध्या वेचणाऱ्यांनी. रात्री रस्त्यावर पडणाऱ्या कचऱ्यातून कापड, हाडं, कागद वेचून त्यांचं पोट चालत होतं. कचरा झाकणाच्या डब्यात गेला आणि सकाळी गाडीत गेला, तर ते काय वेचणार? वर्तमानपत्रांनी त्यांची बाजू घेतली आणि चिडून डब्यालाच 'पुबेल' हे नाव देऊन टाकलं. फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला आजही पुबेल म्हणतात. शेवटी गाडी येण्याआधी डबे चाळण्याची मुभा वेचणाऱ्यांना द्यावी लागली. तीन डब्यांचं वर्गीकरण मात्र तेव्हा काही रुजलं नाही.

डबा राहिला, साहेबाचं नाव राहिलं. ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत.

पुण्याच्या बायकांनी काय केलं

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि आसपासच्या भागांतून अनेक कुटुंबं पुण्यात आली. त्यांतल्या बऱ्याच दलित समाजातल्या बायकांच्या वाट्याला कचरा वेचण्याचं काम आलं. पाठीवर पोतं, हातात आकडा, कचराकुंडीत कंबरेपर्यंत वाकायचं. काचेनं हात कापायचे, कुत्री चावायची, चोरीचा आळ यायचा. आणि भंगाराच्या दुकानात ओल्या कागदाला भाव मिळायचा नाही.

१९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागाचे कार्यकर्ते या वस्त्यांत शिकवायला जाऊ लागले. लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने ही त्यांतली दोन नावं. त्यांच्या लक्षात आलं की बाईला अक्षरं येण्याआधी तिचा दिवस बदलला पाहिजे. मग एक छोटा प्रयोग झाला. सुमारे तीस बायकांना विद्यापीठाचं ओळखपत्र मिळालं आणि काही वसाहतींतल्या घरांनी सुका कचरा वेगळा ठेवून थेट त्यांच्या हातात द्यायचं ठरलं. फरक लगेच दिसला. कोरडा कागद, धुतलेली बाटली, सगळ्याला बरा भाव. कुंडीत उतरणं नाही, कामाचे तास कमी. दारावरची बाई 'ए कचरावाली' ऐवजी नावानं हाक मारू लागली.

आणि मग पॅरिसमध्ये झालं तेच पुण्यात झालं. प्रयोग चालतोय हे पाहून एका खासगी उद्योजकानं त्याच भागात गाडी लावून घरोघरचा कचरा गोळा करायची तयारी दाखवली. बायकांनी विरोध केला आणि त्याला माघार घ्यावी लागली. पण एक गोष्ट सगळ्यांना कळली: तीस जणींच्या ओळखपत्रानं भागणार नाही. मे १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली. आठशेच्या आसपास लोक जमले. हमालांची संघटना बांधणारे डॉ. बाबा आढाव मार्गदर्शनाला होते. तिथे 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. नावाकडे लक्ष द्या. त्यात कचरा हा शब्दच नाही. ज्या वस्तू त्या वेचतात त्यांची नावं आहेत आणि 'कष्टकरी' हा शब्द आहे. 'हलालखोर' या शब्दाचं याहून चांगलं मराठी भाषांतर मला सुचलेलं नाही.

पंचायतीची मागणी साधी होती. आम्ही कचरा उचलतो, त्यामुळे महापालिकेचा वाहतुकीचा खर्च वाचतो, कारखान्यांना कच्चा माल मिळतो. हे काम आहे, म्हणून आम्ही कामगार आहोत. नव्वदच्या दशकातच महापालिकेनं त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली, पुढे वैद्यकीय विमाही मिळाला. २००५ मध्ये महापालिकेच्या सोबतीनं घरोघरच्या कचरा संकलनाचा पथदर्शी प्रयोग सुरू झाला आणि सुमारे दीड हजार कचरावेचक त्यात आले. २००८ मध्ये याच बायकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेनं महापालिकेशी करार केला.

ही व्यवस्था चालते कशी ते समजून घेण्यासारखं आहे. दोघांची जोडी ठरलेल्या घरांतून रोज ओला आणि सुका कचरा वेगळा घेते. प्रत्येक घर दरमहा थोडी रक्कम थेट त्यांना देतं. ओला कचरा महापालिकेच्या गाडीत जातो किंवा सोसायटीतच त्याचं खत होतं. सुका कचरा शेडमध्ये बारीक निवडला जातो: पुठ्ठा वेगळा, पांढरा कागद वेगळा, कडक प्लास्टिक वेगळं, काच वेगळी, पत्रा वेगळा. विकून आलेले पैसे त्यांचेच. म्हणजे कचरा जितका नीट वेगळा होईल तितकी त्यांची कमाई जास्त. हवालदार उभा न करता वर्गीकरण करून घेणारी ही युक्ती आहे.

२०१३ मध्ये त्यांनी आणखी एक प्रश्न पुढे आणला, ज्याबद्दल बोलायलाही लोक लाजतात. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर उघडे टाकले जातात आणि ते आमच्या हाताला लागतात, असं त्यांनी सांगितलं. निषेध म्हणून असे पॅड पोत्यांत भरून ते बनवणाऱ्या कंपन्यांकडे पाठवले. नागरिकांना विनंती केली की ते कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे निवडताना ओळखू येईल. कचरा हाताळणाऱ्या हातानंच विचार केला, म्हणून हे सुचलं.

सगळं गोड झालं असं नाही. करार संपला की मुदतवाढीची वाट पाहायची, गाडीवाला ठेकेदार येणार अशी बातमी आली की पुन्हा मोर्चा काढायचा, हे त्यांच्या वाट्याला अनेकदा आलं. पण साडेतीन हजारांच्या आसपास कचरावेचक आजही हे काम करतात. तीस जणींपासून सुरू झालेल्या प्रयोगासाठी हे थोडं नाही.

कायदा आणि काही वाटा

याच काळात मुंबईतही दोन प्रयोग झाले. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी १९९६-९७ च्या सुमारास आपल्या गल्लीची जबाबदारी घेतली आणि त्यातून महापालिकेची 'एएलएम' ही वस्तीपातळीवरची योजना वाढली. १९७५ पासून काम करणाऱ्या स्त्री मुक्ती संघटनेनं त्या दशकाच्या अखेरीस कचरावेचक बायकांसाठी 'परिसर विकास' कार्यक्रम सुरू केला. कोकणात वेंगुर्ल्यात २०१५ नंतर मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात इतकं काटेकोर वर्गीकरण झालं की जुन्या कचरा डेपोची जागा 'स्वच्छ भारत पर्यटन स्थळ' म्हणून लोक बघायला जाऊ लागले.

कायद्यालाही वेळ लागला. १९९४ च्या सुरतेच्या प्लेगनं देश हादरला. १९९६ मध्ये अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यातून २०००चे घनकचरा नियम आले, आणि २०१६च्या नव्या नियमांत कचरावेचक हा शब्द सन्मानानं आला: त्यांना ओळखा, ओळखपत्र द्या, व्यवस्थेत सामावून घ्या.

उलट वाटेनं गेलं तर काय होतं ते कैरोनं पाहिलं. तिथले 'ज़ब्बालीन', म्हणजे कचरा नेणारे, बहुतेक कॉप्टिक ख्रिस्ती. गाढवाच्या गाडीवरून येत, जिने चढून प्रत्येक दारातून कचरा नेत आणि त्यातला मोठा भाग पुन्हा वापरात आणत. २००३ मध्ये सरकारनं परदेशी कंपन्यांना ठेके दिले. कंपन्यांनी रस्त्यावर मोठे डबे ठेवले, पण लोकांना दारापर्यंत येणाऱ्या माणसाची सवय होती. २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या भीतीनं ज़ब्बालीनांची डुकरं मारून टाकली गेली. ओला कचरा खाणारं पोटच राहिलं नाही आणि रस्त्यांवर ढीग साचले. काही वर्षांनी सरकारला पुन्हा त्याच माणसांकडे यावं लागलं. मुसलमान बहुसंख्य असलेल्या देशातली ही गोष्ट आहे. गरिबाच्या हातचं काम काढून घेताना धर्म कुणाच्या आड आला नाही, हे आम्ही लक्षात ठेवावं.

माझी चूक

हे सगळं वाचण्याआधी मीही एक प्रयोग केला होता.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या गावातल्या एका शाळेत शिकवत होतो. मुलांना म्हणालो, दर शनिवारी घरातला आणि रस्त्यावरचा सुका कचरा आणा. पोरांनी असा उत्साह दाखवला की तीन शनिवारांत वर्गाचा कोपरा भरला. पुठ्ठा, बाटल्या, पत्र्याचे डबे. कबाड्याला बोलावून विकलं आणि त्या पैशांतून वाचनालयासाठी उर्दू-मराठी शब्दकोश आणि गोष्टींची पुस्तकं आणली. सगळ्यांनी पाठ थोपटली. गाव स्वच्छ, शाळेला पुस्तकं, मुलांना संस्कार. मीही खूश होतो.

दोनेक महिन्यांनी सहावीतली एक मुलगी शाळेत येईनाशी झाली. हुशार, दोन्ही भाषांत अक्षर मोत्यासारखं. चौकशी करत घरी गेलो. तिची आई रोज पहाटे गल्ल्यांमधून, बाजाराच्या मागून आणि शाळेच्या कुंपणाकडून भंगार वेचायची. हे मला माहीत नव्हतं. खरं तर रोज दिसत होतं, मी पाहिलं नव्हतं. पुरेसा माल मिळेना म्हणून ती आता पलीकडच्या दोन गावांत पायी जात होती आणि धाकट्या भावाला सांभाळायला मुलगी घरी होती.

तिनं तक्रार केली नाही. चहा ठेवला आणि एवढंच म्हणाली, "सर, बच्चों ने सब जमा कर लिया, अच्छा हुआ. अब मैं क्या चुनूं, वो बोलो."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पॅरिसचा तो प्रीफेक्ट, पुण्यातला तो गाडीवाला आणि मी, तिघेही एका रांगेत. फरक इतकाच की माझा डबा शाळेच्या कोपऱ्यात होता.

पुढच्या शनिवारी आम्ही रीत बदलली. मुलं वेगळं करून आणतील, पण माल त्या बाई नेतील, आणि तो निवडायचा कसा हे त्याच शिकवतील. एक-दोन सहकारी म्हणाले, शाळेचं उत्पन्न बुडालं. बुडालं खरं. पण तो तास मी विसरणार नाही. बाईंनी दोन प्लास्टिकं हातात घेऊन चुरगाळली. एक खडखड वाजलं, एक मऊ दबलं. "ये अलग, ये अलग. दोनों का भाव अलग." झाकण बाटलीहून वेगळं काढायचं. दुधाची पिशवी धुऊन वाळवली तर विकली जाते, न धुतलेली नाही. चिप्सचं पाकीट त्यांनी बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, हे फुकटही कुणी घेत नाही. मुलांना ही गोष्ट पुस्तकातल्या धड्यातून कधीच कळली नसती. त्यांची मुलगी पहिल्या बाकावर बसून होती. आई वर्गाला शिकवताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं, त्यासाठी एका शब्दकोशाचे पैसे गेले तर गेले.

गावानं काय करावं

२०२० पासून स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात गावांतला घनकचरा हा विषय अजेंड्यावर आला. घंटागाड्या आल्या, शेड बांधल्या जात आहेत. चांगलंच आहे. विदर्भाला झाडूची परंपरा नवी नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी गावोगाव स्वतः झाडून दाखवलं, आणि २०००-०१ पासून त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान चाललं.

पण घंटा वाजवण्याआधी प्रत्येक गावानं चार प्रश्न विचारावेत असं मला वाटतं. पहिला: आज आपल्या गावात भंगार कोण वेचतं, बोहारीण कोण, कबाडी कोण? त्यांना ग्रामसभेत बोलवा. दुसरा: ओला कचरा घरापासून दूर न्यायची गरज आहे का? ज्याच्याकडे जनावर आहे, उकंडा आहे, नाडेपचं टाकं आहे, त्याचा ओला कचरा तिथेच जिरू शकतो. फक्त त्यात पिशवी जाऊ नये. तिसरा: विकता येणाऱ्या मालावर हक्क कुणाचा? तो वेचणाऱ्याचा राहिला तर वर्गीकरण आपोआप होईल, ठेकेदाराचा झाला तर वजन वाढवायला सगळं एकत्र होईल. चौथा: न विकल्या जाणाऱ्या पुड्या-पाकिटांचं काय? ते वेचणाऱ्याच्या गळ्यात मारू नका. तो प्रश्न बनवणाऱ्याचा आणि विकत घेणाऱ्याचा, म्हणजे आपला आहे.

शाळेच्या दाखलखारीज नोंदवहीत त्या मुलीच्या नावापुढे पालकाचा व्यवसाय 'मजुरी' असा लिहिलेला होता. मी तिच्या आईला विचारलं होतं, काय लिहायचं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मजुरी ही लिख दो, सर." पुण्यातल्या बाईच्या ओळखपत्रावर तिचं काम छापलेलं असतं. आमच्या गावांत ते सांगायला अजून लाज वाटते.

बादशहानं नाव दिलं, कायद्यानं कराच्या यादीत नाव घातलं, तरी चारशे वर्षांत त्या नावाला मान आला नाही. तो दारावर येतो. सकाळी कचरा हातात देताना समोरच्या बाईला नावानं हाक मारली, तर तिथून सुरुवात होते.